आधी बघ, मग रॅम टाक

अगं, दुकानदार ‘मॅडम, रॅम टाका, मशीन पळायला लागेल’ म्हणाला आणि तू लगेच हो न म्हणता मला विचारलंस, हे फार बरं केलंस. सरळच सांगते. रॅम वाढवल्याने कॉम्प्युटरचा वेग वाढतो का, याचं उत्तर ‘दणदणीत वाढतो’ असंही आहे आणि ‘काडीचा फरक पडत नाही’ असंही. दोन्ही खरं. तुझ्या लॅपटॉपला यातलं कुठलं लागू पडतं, ते तुझ्याच स्क्रीनवर दिसतं, आणि ते बघायला पैसे पडत नाहीत. दुकानदाराने ते बघितलं का? नाही ना? मग त्याने औषध कशावरून दिलं?

तुझा व्हॉइस मेसेज नीट ऐकला. त्यात तू एक तक्रार समजून चार तक्रारी सांगितल्या आहेत. सकाळी चालू केला की चहा उकळून, गाळून, पिऊन होतो तरी हा तयार नसतो. टॅलीतून क्रोममध्ये आणि क्रोममधून एक्सेलमध्ये जाताना गोल फिरत बसतं. मुलांच्या ऑनलाइन क्लासला आवाज तुटतो. आणि दुपारी दोननंतर पंखा घरघरायला लागतो, मग सगळंच रांगतं. बाई गं, ही चार वेगळी दुखणी आहेत. त्यातलं एक रॅमचं आहे, एक बहुतेक हार्ड डिस्कचं, आणि उरलेल्या दोघांचा रॅमशी फारसा संबंध नाही. सगळ्यांवर एकच गोळी देणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

तर आधी हे कर. लॅपटॉप नुकताच चालू केलेला असताना नको, ऐन रखडलेला असताना कर. टॅली उघडी, बँकेचं पान उघडं, जीएसटीचं पान उघडं, व्हॉट्सॲप वेब, एक्सेलची ती लांबलचक शीट, जसं रोज असतं तसं सगळं असू दे. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा. डाव्या बाजूला सीपीयू, मेमरी, डिस्क अशी ओळीने नावं आणि त्यांच्यासमोर टक्के दिसतील. तू फक्त बसून बघ. टॅलीतून क्रोममध्ये जा, परत ये, आणि गोल फिरायला लागलं की त्या क्षणी कुठला आकडा उसळतो ते टिपून ठेव.

मेमरी साठ-पासष्ट टक्क्यांवर दिसली तर घाबरू नकोस. ती भरलेली असणं हा दोष नाही, ती त्यासाठीच असते. विंडोज तर मोकळ्या रॅममध्येसुद्धा तुला पुढे लागेलसं वाटणारं सामान आधीच आणून ठेवतं. डावीकडच्या ‘मेमरी’वर क्लिक केलंस की ‘कॅश्ड’ म्हणून जो आकडा दिसतो तो हाच. तुझा प्रोग्रॅम मागेल तेव्हा ती जागा लगेच रिकामी करून मिळते. चिंता करायची ती नव्वद-पंचाण्णवच्या पुढे मेमरी चिकटून राहिली तर. त्याच पानावर खाली ‘कमिटेड’ असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढे तिरक्या रेघेने तोडलेले दोन आकडे. पहिला आकडा बघ. तुझ्या लॅपटॉपमध्ये रॅम चार जीबी, आणि तिथे सात दिसतायत? मग तुझ्या प्रोग्रॅमनी जवळ असलेल्या रॅमपेक्षा कितीतरी जास्त जागा मागितली आहे आणि वरचा भार हार्ड डिस्कवर पडतोय. हे झालं खरं रॅमचं दुखणं.

असं का होतं ते एकदा समजून घे, म्हणजे पुढे कोणी गंडवणार नाही. रॅम म्हणजे तुझा स्वयंपाकाचा ओटा, आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. दिवाळीत एकाच वेळी चकलीचं पीठ, लाडवाचं बेसन आणि चिवड्याचं सामान ओट्यावर मांडलं आणि जागा पुरली नाही, की एक परात माळ्यावर ठेवायची, दुसरी उतरवायची, पुन्हा पहिली हवी म्हणून शिडी लावायची. हात तळण्यात कमी आणि शिडीवर जास्त. अशा वेळी ओटा लांब केला तर घरात क्रांती होते. पण अर्धा ओटा मोकळाच असेल, तर तो आणखी चार फूट वाढवून पोळ्या लवकर लाटून होत नाहीत. रॅमचं संपूर्ण शास्त्र एवढंच आहे.

आणि ही शिडी किती उंच आहे ते ऐक. रॅममधून काही आणायला सेकंदाच्या कोट्यंशाच्या आसपास वेळ लागतो, साधारण शंभर नॅनोसेकंद. तुझ्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला अकरा मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय ती सुई तिथवर सरकायला आणखी वेळ. एका खेपेला पंधरा मिलिसेकंद धर. दोघांत लाख पटीहून जास्त अंतर पडलं! म्हणून रॅम कमी पडते तेव्हा लॅपटॉप ‘थोडासा’ मंद होत नाही, एकदम ढेपाळतो. आत्तापर्यंत बरा चालला होता आणि एक टॅब उघडली तर मेलाच, असं तू म्हणतेस ना, ते याचमुळे.

हे आजचं नाही. कमी मेमरीच्या यंत्राला भरपूर मेमरी असल्याचं भासवायचं आणि मागे गुपचूप अदलाबदल करत राहायचं, ही युक्ती इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस कॉम्प्युटरमध्ये १९६२ मध्येच आली. तिचा अतिरेक झाला की यंत्र कामाऐवजी फक्त उचल-ठेव करत बसतं. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणून तिची कारणं आणि उपाय मांडले. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक प्रोग्रॅमला त्या-त्या वेळी हाताशी लागणारा मेमरीच्या पानांचा एक संच असतो. तो मावला की झालं, त्याहून जास्त जागेने विशेष काही साधत नाही. आता एक गंमत सांगते, तुझ्या कामाची नाही पण मला फार आवडते. १९६९ मध्ये आयबीएममधल्या लास्लो बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ‘जो आधी आला तो आधी बाहेर’ अशा साध्या नियमाने अदलाबदल केली, तर काही वेळा मेमरी वाढवल्यावर खेपा कमी होण्याऐवजी वाढतात! आजचं विंडोज तसं भाबडं वागत नाही, तेव्हा तू काळजी करू नकोस.

तुझ्या लॅपटॉपकडे येते. आय-थ्री ६००६यू प्रोसेसर, चार जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. २०१७-१८ च्या सुमाराला आपल्याकडे घरोघरी हेच यंत्र घेतलं गेलं. जाहिरातीत ‘एक टीबी’ ही अक्षरं मोठी असायची, लोक त्यावर भुलायचे, आणि चार जीबी कोपऱ्यात बारीक. तुझ्या दिरांनी नवा घेतला तेव्हा हा तुझ्याकडे आला, आणि तेव्हापासून तू त्याच्यावर तीन दुकानांचे हिशेब आणि दहावीचा क्लास ओढते आहेस. आज विंडोज १० नुसतं चालू होऊन बसलं तरी चारातले दोन जीबी सहज जातात. अँटिव्हायरस थोडं घेतो. प्रोसेसरमधलाच ग्राफिक्सचा भाग याच रॅममधून आपला वाटा उचलतो, कारण त्याला स्वतःची मेमरी नाही. उरलं किती? आणि क्रोम २००८ मध्ये आलं तेव्हापासून त्याची रीतच अशी, की टॅबांना शक्यतो वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायचं, म्हणजे एक टॅब कोसळली तर बाकीच्या वाचतात. रीत चांगली, पण ती मेमरी खाते. तेव्हा तुझी दुसरी तक्रार, ती इकडून तिकडे जाताना गोल फिरण्याची, खरोखर रॅमची आहे. दुकानदार तेवढ्यापुरता खोटं बोललेला नाही. चारचे आठ केल्याने ती बरीच कमी होईल.

पण आठचे सोळा? तुझ्या कामाला नको. फोटोशॉप, व्हिडिओ एडिटिंग, असलं काही करणाऱ्याला सोळा लागतात, बत्तीसही लागतात. टॅली, एक्सेल आणि ब्राउझर यांना या यंत्रावर आठ पुरे. कोणी ‘फ्यूचर प्रूफ’ म्हणून सोळा गळ्यात मारायला लागला तर हसून सोडून दे. दहा वर्षं जुन्या प्रोसेसरचं फ्यूचर ते कसलं!

सकाळच्या चहाची गोष्ट मात्र वेगळी आहे. उद्या चालू केल्या केल्या टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा बघ. मेमरी पन्नास-साठवर आणि डिस्क सलग शंभरावर, असं दहा मिनिटं दिसलं, तर गुन्हेगार ती फिरणारी तबकडीच आहे. विंडोज उठताना हजारो बारीक-बारीक फाइली इकडून तिकडून गोळा करतं. आत्ताच हिशेब केला ना, एका खेपेला पंधरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर खेपा. हजारो फाइलींना किती वेळ लागेल, तूच बघ, हिशेबनीस तू आहेस. त्यात रॅम चार असो की चाळीस, चालू होताना ती रिकामीच असते, सामान डिस्कवरूनच यायचं असतं. इथे एसएसडी लागते. तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे साध्या सॅटा एसएसडीलाही एका खेपेला मिलिसेकंदाचा दहावा भाग लागतो. दीडशे पटींचा फरक आहे हा.

यात एक फसवी जागा आहे. डिस्क शंभर टक्के दिसते म्हणजे दोष डिस्कचाच असं नेहमी नसतं, कारण रॅम तुंबली की तिची उचल-ठेव डिस्कवरच होते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. मेमरी निवांत आणि डिस्क शंभरावर, तर डिस्क. दोन्ही वर टेकलेले, तर दोघांचंही दुखणं आहे. तुझं बहुतेक असंच निघणार.

मग पैसे एकाच गोष्टीचे असतील तर आधी काय? मी तुझ्या जागी असते तर डोळे मिटून एसएसडी घेतली असती. सकाळचं रखडणं जातं हे झालंच. शिवाय रॅम कमी पडली तरी उचल-ठेव आता एसएसडीवर होते, ती बोचत नाही. आणि तिसरं कारण दुकानात कोणी सांगत नाही: हा लॅपटॉप उद्या गेला तरी अडीच इंची एसएसडी तुझ्याकडे उरते. छोट्या केसमध्ये घालून यूएसबीला लाव, झाला भक्कम बॅकअप. उलट आज घेतलेली डीडीआर-फोरची पट्टी नव्या लॅपटॉपमध्ये बसेलच असं नाही. नवे बरेचसे डीडीआर-फाइव्हचे, आणि पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डावर डकवलेलीच असते. ॲपलच्या एम-वन मॅकबुक एअरमध्ये रॅम नंतर वाढवायची सोयच नाही, जी घेताना घेतली तीच जन्मभर.

शिवाय सध्या रॅमचे भाव चढलेले आहेत. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची अशी उचल केली, की सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही मोठ्या उत्पादकांचा माल तिकडे वळला आणि घरगुती ग्राहकाच्या वाट्याला महागाई आली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीसुद्धा महागल्या आहेत हे खरं, पण तुझ्या कामाला अडीचशे जीबीची पुरते. त्या एक टीबीत तू काय भरलं आहेस? लग्नाचा व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंग.

रॅम घ्यायचीच झाली तर मी तुला चोरून एक सांगते: जुनी घे. चार जीबीची आणखी एक पट्टी, म्हणजे आधीची चार धरून आठ. रॅममध्ये झिजणारं काही नसतं. चालत असली तर ती वर्षानुवर्षं चालते, म्हणून सेकंडहँड रॅमची मला भीती वाटत नाही. एसएसडी मात्र लिहून-लिहून झिजते, ती जुनी कधीच घेऊ नकोस, कितीही स्वस्त मिळो. दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्ही वाटांनी एकदम सामान ओढतो आणि ग्राफिक्सला थोडा जास्तीचा फायदा मिळतो. पट्टी घरी आणलीस की स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून एकदा तपासणी चालव. रात्री लावून झोपलीस तरी चालेल.

विकत घेण्याआधी टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ बघ. ‘१ ऑफ २’ असेल तर एक जागा मोकळी आहे. ‘१ ऑफ १’ असेल तर आहे ती काढून मोठी घालावी लागेल, मग चारची जुनी पट्टी घेऊन उपयोग नाही. आणि सेटिंगमध्ये ‘सिस्टीम’खाली ‘अबाउट’ उघडून विंडोज ६४ बिटचं आहे ना ते बघून घे. ३२ बिटचं असेल तर त्याला चार जीबीच्या पुढचं दिसतच नाही, वर कितीही रॅम घाल. असल्या लॅपटॉपात आठ जीबी घालून ‘वापरण्याजोगी तीन-साडेतीन’ बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

क्लासला आवाज तुटतो, त्याचं कारण बहुतेक घरातल्या वाय-फायमध्ये आहे. राउटर हॉलमध्ये, तू आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि गोदरेजचं कपाट. एक दिवस हॉलमध्ये बसून क्लास घे. आवाज नीट आला तर रॅमला दोष देऊ नकोस. तसंच रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला एखादं सरकारी पोर्टल उघडत नाही तेव्हा तुझा लॅपटॉप बिचारा काहीच करत नसतो, तोही तुझ्यासारखा वाटच बघत असतो.

दुपारच्या घरघरीचं वेगळं. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःच हळू होतो. तू तो पलंगावर, गादीवर ठेवून काम करतेस, ते मी गेल्या वेळी आले तेव्हा बघितलंय. खालून हवा घ्यायच्या फटी गोधडीत बुजतात. त्यात आपला एप्रिल-मे! टेबलावर ठेव, मागच्या कडेखाली दोन बुचं लाव म्हणजे फटीला वारा मिळेल, आणि दुकानात उघडशीलच तेव्हा पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलून घे. हे रॅमपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि दुपारी दोननंतरचा फरक तुला त्याच दिवशी कळेल.

फुकटातली दोन कामं आजच कर. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ आहे. तिथे बघ, लॅपटॉप उठता उठता कोण कोण अंगणात येऊन बसलंय. प्रिंटरचा मदतनीस, गाण्याचं ॲप, कधीकाळी टाकलेला मीटिंगचा प्रोग्रॅम, सगळ्यांना ‘डिसेबल’ कर. अँटिव्हायरस आणि टचपॅडचं राहू दे. दोन अँटिव्हायरस असतील तर एकाला निरोप दे, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दुसरं, तू रोज रात्री शट डाउन करतेस आणि समजतेस की सगळं पुसलं गेलं. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं आहे, त्यात शट डाउन केलं तरी आतला गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत येतो, साचलेल्या कटकटींसकट. खरं ताजंतवानं करायचं तर ‘रीस्टार्ट’ कर. सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ बघ, कित्येक दिवसांचा आकडा दिसेल.

आणि एक शपथ घाल स्वतःला: ‘रॅम क्लीनर’, ‘बूस्टर’, असलं काहीही डाउनलोड करायचं नाही. ते काय करतात? चालू प्रोग्रॅमचं सामान रॅममधून हुसकावून बाहेर काढतात, मीटर खाली आलेला दाखवतात, तू खूश. पुढच्या क्लिकला तेच सामान डिस्कवरून परत आणावं लागतं आणि लॅपटॉप आणखी रखडतो. १९९५ मध्ये अमेरिकेत ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाचं सॉफ्टवेअर निघालं होतं, नुसतं टाकलं की मेमरी दुप्पट, असा दावा. विंडोज ९५ नुकतं आलं होतं, त्याला निदान चार एमबी रॅम हवी असायची आणि तेव्हा रॅम फार महाग. लोकांच्या उड्या पडल्या, लाखांनी प्रती खपल्या. आतून तपासलं तर मेमरी दुप्पट करणारं काहीही त्यात नव्हतं, स्क्रीनवर आकडे तेवढे छान दिसत. शेवटी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला पकडलं. आजचे बूस्टर त्याचेच नातू, फक्त सोबत जाहिराती आणि व्हायरस घेऊन येतात.

आता एक अवघड गोष्ट बोलते. हा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे जादा अपडेट मिळतात, तेही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. तू दुसऱ्यांचे बँकेचे व्यवहार याच्यावर करतेस, तेव्हा हे किरकोळ नाही. म्हणून याच्यात एसएसडी, एक जुनी पट्टी आणि पंख्याची सफाई, इथपर्यंत ठीक. बॅटरी बदला, बिजागरी बदला, स्क्रीन बदला, असं वाढत गेलं तर नाकापेक्षा मोती जड होईल. त्यापुढचा प्रत्येक रुपया नव्यासाठी बाजूला टाक.

आणि तो नवा तुझ्या नावाचा घे गं. घरात ज्याचं काम ‘ऑफिसचं’ त्याला नवीन, आणि जी घरातून कमावते तिला उतरलेलं, हा हिशेब मला पटत नाही. तीन दुकानांचे हिशेब तू वेळेवर देतेस त्याचे पैसे घरात येतातच ना? मग अर्धा-अर्धा तास गोल फिरणारं चक्र बघत बसायची शिक्षा तुलाच का? जेवणाच्या वेळी शांतपणे हे मांड. भांडायला सांगत नाही, आकडे सांग, आकड्यांवर तुझी पकड आहे.

दुकानात गेलीस की ‘स्लो झालाय, बघा जरा’ असं म्हणायचं नाही, तेच वाक्य ऐकून ते रॅम काढतात. म्हणायचं, ‘सॅटा एसएसडी बसवायची आहे, दोनशे छप्पन्न जीबीची, विंडोज नव्याने टाकून द्या. डीडीआर-फोरची चार जीबीची लॅपटॉप पट्टी दाखवा. पंखा साफ करा.’ बघ कसा सूर बदलतो. मुंबईला जाणं झालं तर लॅमिंग्टन रोडला भाव काढून ये, नाही तर गावातल्या दोन दुकानांत विचार. बिल माग, बिलाशिवाय वॉरंटी नुसती तोंडची. समोर उभी राहा, कंटाळा करू नकोस. रॅमची पट्टी खोबणीत तिरकी सरकवतात, सोनेरी दाते जवळपास दिसेनासे होईपर्यंत, मग ती खाली दाबली की दोन्ही बाजूंचे पत्र्याचे चिमटे टक् करून तिला धरतात. तो आवाज आला पाहिजे. त्याआधी बॅटरीची जोडणी सोडवलेली असायला हवी. सगळं झाल्यावर तिथेच चालू करून टास्क मॅनेजर उघड, आठ जीबी आणि ‘२ ऑफ २’ दिसलं की मग पैसे दे.

जायच्या आधीच्या संध्याकाळी टॅलीचा डेटा, एक्सेलच्या शीटा आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर किंवा निदान पेनड्राइव्हवर उतरवून घे. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घे, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडतोय ना हेही बघ. जुनी हार्ड डिस्क दुकानात ठेवून यायची नाही. ‘तुम्हाला काय करायची आहे, ठेवू का इथेच?’ असं तो अगदी सहज विचारेल. नको म्हण. तिच्यात गिऱ्हाइकांची बँक स्टेटमेंटं आहेत, तुझ्या मुलांचे फोटो आहेत, आधारची स्कॅन कॉपी आहे, आणि नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं. डिस्क पिशवीत घालून घरी आण. नव्या एसएसडीवर सगळं नीट आलंय याची खात्री होईपर्यंत तिला हात लावू नकोस, मग मी आले की आपण ती पुसून टाकू.